एका टिंबाचं अंतर

आन्तोफागास्तात छत्री विकणारं दुकान नाही.
पाठीशी वाळवंट, कोरडं ठाक,
आणि समोर, बोटीने रात्रभराच्या अंतरावर,
पाणी आठ किलोमीटर खाली उतरतं.

विंचवर सेफेरिनो.
केबल सोडायला साडेतीन तास, ओढायला तेवढेच.
मधल्या वेळात तो संत्रं सोलतो,
सालीची एकच लांब पट्टी, न तुटू देता,
आणि कुणाशी बोलत नाही.
नळी वर आली: हातभर गाळ,
करडा, लोण्यासारखा मऊ, बर्फागत गार.
सेफेरिनोने वाकून पाहिलं. म्हणाला,
"एवढ्यासाठी?"

एदेल्मिराने चिमूटभर गाळ आगरवर पसरला,
थाळ्या फ्रीजमध्ये ठेवल्या, वर चिठ्ठी:
हे जेवण नाही. उघडू नका.
पहिला महिना काही नाही.
तिसऱ्यात आले ते नेहमीचे,
हावरे, घाईचे, कुठल्याही डबक्यात भेटणारे.
ती त्यांना टाकत गेली.
सातव्या महिन्यात, थाळीच्या अगदी काठाला,
मोहरीहून बारीक ठिपका, संत्र्याच्या सालीच्या रंगाचा.

चांगलंचुंगलं घातलं तर रुसला.
साखर कमी केली तेव्हा वाढला.
उपाशी ठेवलं तेव्हा बोलला:
शेजारी पेरलेले इस्पितळातले जंतू,
कुठल्याच औषधाला न जुमानणारे,
त्याच्यापासून चार हात लांब थांबले.
भोवती एक स्वच्छ कडं. अंगठीएवढं.
एदेल्मिराने पट्टी लावली. अकरा मिलिमीटर.
पुन्हा लावली.
मग हातमोजे काढून
बाहेर पायरीवर जाऊन बसली.

मग सोयरिक जुळवायला बसावं तशी चौकशी.
तुझं गाव ठाऊक आहे, बाबा. घराणं सांग.
त्याच्या एका जनुकाची पंधराशे अक्षरं
जगातल्या सगळ्या नोंदींशी ताडून पाहिली.
सर्वांत जवळचा जो निघाला, तो ब्याण्णव टक्के:
सख्खा नाही, चुलत नाही,
लग्नाच्या मांडवात लांबून हात करणारा,
ज्याचं नाव आपल्याला आठवत नाही, असा.
त्याची मेदाम्लं मोजली, भिंतीतली साखर तपासली,
मीठ किती सोसतो, दाब किती,
ऊब किती झाली की मरतो.
रकाने भरले. शेजारी कुणीच बसेना.

डिसेंबरात कोन्सेप्सिओनहून हेरिबेर्तोचं पत्र आलं.
रेणू जुनाच आहे.
आपल्या जन्माआधी कुणाच्या तरी परसातल्या मातीत सापडलेला,
मूत्रपिंडाला बाधतो म्हणून सोडून दिलेला.
माफ कर, असं त्याने दोनदा लिहिलं होतं.

म्हणजे जीव नवा, हत्यार जुनं.
उजेड जिथे कधी पोचला नाही
तिथे बसून यानेही तेच घडवलं?
की कुठल्याशा युगात कुणाकडून उसनं आणलं
आणि परत करायचं राहिलं?

आता प्रबंधात कडं नाही, फक्त बारसं.
मराठीत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं
यांत एका टिंबाचं अंतर आहे.
एदेल्मिराला मराठी येत नाही,
तरी तीन आठवडे ती दोन्ही करत होती.
मध्यरात्री थाळी उजेडाकडे धरून
तिने स्वतःलाच विचारताना ऐकलं:
एवढ्यासाठी?

दुसऱ्या दिवशी तिने सेफेरिनोला फोन लावला.
तुझं नाव देऊ का याला?
पलीकडे बराच वेळ फक्त वारा.
"माझं नको. आईचं दे. एउदोसिया.
समुद्राला फार भ्यायची ती.
उभ्या जन्मात पाय नाही भिजवले."

लॅटिनची षष्ठी लागली, नाव लांबलं,
नियमांत बसलं.
दोन देशांत दोन कुप्या गेल्या, उणे ऐंशीवर.
एउदोसियाचा तो, आता कागदोपत्री.

हेरिबेर्तोच्या आलेखात, अगदी शेवटाला,
एक बुटकं टोक आहे.
त्याने पेन्सिलीने बाजूला लिहिलंय: बहुधा घाण.

एदेल्मिराने नवी थाळी ओतली.
साखर अजून थोडी कमी केली.