एका लिटरमागे

नवतपा लागला की आमच्या विभागात
माणसांच्या आधी कूलर बोलायला लागतात.
त्या घरघरीत आवाज चढवून
मी बावीस वर्षं युनिट चार शिकवलं.
पर्यावरण. दोन तास, सहा गुण,
हमखास येणारा प्रश्न: जलसंधारणाचे उपाय लिहा.
पोरं लिहायची, मी बरोबरची खूण करायची,
आणि भिंतीपलीकडे प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात
डिस्टिल्ड वॉटरच्या काचेच्या नळकांड्याला गार ठेवत
पाणी वाहत असायचं,
स्वच्छ, कोमट, कुणाचंच नसलेलं,
रबरी नळीतून थेट मोरीत.

मला माहीत नव्हतं असं नाही.
रोजच्या जिन्याच्या पायऱ्या किती
हे जसं माहीत असतं, तसं.

शालिकराम नेवारे, प्रयोगशाळा परिचर,
कन्हानकडचा माणूस, बोलणं मोजकं.
त्यानं नळीचं तोंड मोरीतून उचलून
बादलीत कधी सोडलं, कुणी पाहिलं नाही.
बादली भरली की कूलरच्या टाकीत,
टाक्या भरल्या की मागच्या कडुनिंबांना,
शनिवारी परीक्षानळ्या विसळायला.

त्या मे महिन्यात नळ एक दिवसाआड झाले.
वरून परिपत्रक आलं, पाणी जपून वापरा,
अकरा प्रती, पाठकोऱ्या.
खाली तळटीप: हरित परिसरासाठी
आपल्या विभागानं काय केलं,
दोन पानी अहवाल, फोटोसह, शुक्रवारपर्यंत.

आम्ही काय केलं होतं? एक फ्लेक्स लावला होता.
मी नेवारेंना विचारलं, काही फोटो आहेत का?
'फोटो नाही जी मॅडम. रेघा हायेत.'
आणि त्यांनी कपाटावरून काढलं
जुनं डेड स्टॉक रजिस्टर.
पुढून: मोडके तराजू, निकामी बर्नर, लेखापरीक्षकाची सही.
मागून: चार उभ्या रेघा, पाचवी आडवी,
पानामागून पान, सात उन्हाळे.
एक रेघ म्हणजे एक बादली.

मी अहवाल लिहिला नाही.
सातवं प्रात्यक्षिक बाजूला ठेवलं
आणि पोरांच्या हाती मोजपात्रं दिली.
मृणाली उईकेनं घड्याळ लावलं,
तीनदा मोजलं, दोनदा खोडलं:
'मॅडम, एका लिटरमागे अडतीस.'
मग, जराशानं: 'आणि वीज?'

वीज बघायला आम्ही गच्चीवर गेलो.
उत्तरेला कोराडीची धुराडी,
आभाळाला टेकवून ठेवलेल्या काड्यांसारखी.
कुणी हीटरचे वॅट सांगितले, कुणी तास,
मी युनिटांवरून कोळशाकडे आणणार होते,
तेवढ्यात मृणाली म्हणाली,
'माझी मावशी तिकडंच राहते.
सांडगे घालते तेव्हा वरून लुगडं पांघरते.
राख पडते ना.'
त्यानंतर आकडेमोड कुणी केली नाही.
खाली उतरताना सगळे गप्प होते,
मीसुद्धा.

तेच पाणी फिरवून वापरायचं
तर एक टाकी हवी, एक लहानसा पंप.
मी अर्ज केला.
खरेदी समितीनं चष्म्यावरून पाहत विचारलं,
हा खर्च अध्यापनात धरायचा की देखभालीत?
मी म्हटलं, तेच तर.
त्यांनी ते टिपून घेतलं नाही.
फाईल अजून फिरते आहे,
पाणी फिरायचं बाकी आहे.

नेवारे जूनअखेर निवृत्त झाले.
निरोपाची शाल घडी करून पिशवीत टाकली
आणि जाता जाता नळी बादलीत आहे ना, बघून गेले.

रजिस्टरात आता रेघा वेगवेगळ्या हातांच्या,
कुणाची तिरपी, कुणाची घाईतली,
एकानं तर आडवी मारायचीच विसरून
सलग नऊ उभ्या ओढल्यात.
मी खडू घेऊन फळ्याशी असते,
युनिट चारच्या ऐन मध्यावर,
आणि भिंतीपलीकडून हाक येते,
'भरली बे!'
पहिल्या बाकावरचे दोघं
मला न विचारता उठून जातात.