साळबाचे काटे

पहिल्या भागात साळबाला चाळीस काटे होते.
मी मोजलेत. मैनोद्दीन पेंटरनंच मोजायला लावलेत,
कारण एक काटा म्हणजे दर चित्रात एक रेघ,
आणि मिनिटाला चित्रं लागायची सव्वाशे.
चौथ्या भागात काटे एकवीस,
नवव्यात बारा,
शेवटी सात.
निलंग्यातल्या एकाही पोरानं विचारलं नाही.
वय वाढलं की काटे गळतात,
असं आम्ही धरूनच चाललो.

चित्राची ती पारदर्शक शीट पुण्यात मिळायची, महाग.
पेंटर लातूरला गेला, हाडांच्या दवाखान्यात.
कंपाउंडर दगडूबा म्हणाला, किलोनं न्या.
जुने एक्स-रे, पोतंभर,
बहुतेक त्र्याण्णवच्या सप्टेंबरनंतरचे.
कॉस्टिकच्या पाण्यात रात्रभर भिजवायचे,
सकाळी काथ्यानं घासायचे.
कुणाची बरगडी, कुणाचं मनगट
मोरीतून काळं होऊन वाहून जायचं.
मागं उरायची फिल्म, फिकट निळी.
"चलो," पेंटर म्हणायचा, "आसमान फुकट में."

एकदा नीट घासलं गेलं नाही.
सहाव्या भागात साळबा तेरणा ओलांडतो,
तिथं त्याच्या डोक्यावर मांडीचं हाड,
मधोमध मोडलेलं.
पोरं ओरडली, वीज! वीज पडूलाली!
पेंटरनं ते चित्र काढलं नाही.
कोपऱ्यातलं नाव तेवढं पुसलं.

महिन्यातून एकदा, अमावास्येनंतरच्या बुधवारी,
सात वाजता, बस्वराज कोरेच्या केबलवर,
माळवदावरच्या खोलीतून.
कॅमेरा लग्नाचा. बटण दाबून सोडेस्तोवर
अर्धा सेकंद जायचा,
म्हणून साळबा जन्मभर ठेचकाळत चालला.
आवाज थेट. माझा.
वय अकरा, हातात भजनी मंडळाचा माईक,
समोर पेंटर, ओठांवर बोट.
बोट निघालं की बोलायचं:
"काय करूलालास रं मुंगसा?
माझ्या बिळात काहून शिरूलालास?"
त्या वर्षी शाळेत मला माझं नाव उरलं नाही.
मास्तरसुद्धा म्हणायचे, साळबा, फळा पूस.

लाइट मध्येच जायची.
कोरेकडं जनरेटर होता, गावाकडं नव्हता.
मी बोलत राहायचो आणि खाली
अंधारातली पोरं उजेडाच्या गल्लीकडं पळायची,
दर्ग्यामागच्या, सोनारगल्लीतल्या, कुणाच्याही दारात,
अर्धी गोष्ट इथं, अर्धी तिथं.
एका घरात चपला विसरल्या तर
त्या पुढच्या महिन्यातच मिळायच्या.

चौदाव्या भागात माझा आवाज फुटला.
"थांब, आलो" म्हणायचं होतं.
"थांब" माझंच निघालं,
"आलो" कुठल्या तरी बाप्याचं.
पेंटरनं बोट परत ओठांवर ठेवलं.
मग गोष्टच फिरवली:
साळबानं स्वतःचाच काटा गिळला,
दोन भाग तो निघेना, वैद्य झाले, मांत्रिक झाले,
सतराव्या भागापासून मुंगूसच बोलू लागलं
आणि साळबा नुसता मान हलवू लागला.

एकोणिसावा झालाच नाही.
कोरेनं नवा चॅनल घेतला, दिवसभर कार्टून,
तोंड हलेल तस्सा आवाज.
पेंटर एका बुधवारी येऊन बघत बसला, बराच वेळ.
"अच्छा है," म्हणाला,
"पर इनके पांव जमीन पे नहीं टिकते."
आणि खताच्या दुकानाचं शटर रंगवायला गेला.

गेल्या दिवाळीत कोरेच्या पोरानं एक कॅसेट दिली.
साळबावर लग्नं चढलेली, वास्तुशांती, एक डोहाळजेवण.
वाचलेत चाळीस सेकंद.
सात काटे, फुकटचं आभाळ,
साळबा तोंड उघडतो, मिटतो, उघडतो.
लेक म्हणाली, "ह्याला आवाजच नाही."

मी घसा खाकरला.
तेवढ्यात चित्र तुटलं
आणि कोरेच्या बहिणीच्या वरातीतला बँड
मोठ्यानं वाजायला लागला.