निचरा

दुधगावच्या मळीच्या रानात पद्मण्णा मगदूम
चिमूटभर माती जिभेवर ठेवतात,
थुंकतात. म्हणतात, "अजून आहे."

तीस वर्षं मोटार बंद केली नाही.
तहान नसतानाही पाजलं हिला.
मग एका उन्हाळ्यात मीठ फुटलं,
उसाच्या जागी पांढरं, पायाखाली करकरणारं;
बगळेसुद्धा उतरेनात.

छातीएवढा चर खणला.
अन्वर जमादारानं भोकाचे पाइप टाकले,
उतार पुन्हा पुन्हा मोजत:
बोटभर चुकला तर पाणी मागं फिरतं.
वर धैंचा पेरला, डोक्याएवढा झाला,
आणि फुलायच्या आधी गाडला.
सुनेला तेवढं खटकलं.

दोन पावसाळ्यांनी धुतली.
परवा ढेकळाखाली गांडूळ निघालं,
एकच, सुतळीएवढं.
पद्मण्णांनी कुणाला सांगितलं नाही.
ढेकूळ होतं तसं परत ठेवलं,
वरून हलकेच दाबलं.

पाइपाच्या तोंडाशी रात्रंदिवस टपकतंय,
ओढ्यात, ओढ्यातून वारणेत.
ओंजळ धरून तेही चाखतात.
खारट.
मग खाली समडोळीच्या दिशेनं
बघत राहतात जरा वेळ,
ओठ पुसायचेही राहून जातात.