रकाना सतरा

मी चिटबॉय. उसाची नोंद माझ्याकडं.
कुणाचा फड, कुठला गट, लागण का खोडवा,
कोयते किती.
कोयता म्हणजे दोन माणसं, नवरा आणि बायको;
कारखान्याच्या वहीत ती एक लिहायची असतात.

पुण्याहून ऑडिटरबाई यायच्या होत्या, पाठारे नावाच्या.
चिखलीच्या मळीतला ऊस निसर्गाला धरून पिकतो का,
हे लांबच्या एका बिस्किटवाल्या कंपनीला कळायला हवं होतं.
शेती अधिकारी आदल्या रात्रीच आले,
कोप्यांपुढं चुन्याची रेघ ओढून गेले.
प्रथमोपचार पेटी बाभळीला टांगली,
किल्ली मुकादमाकडं.
पाचट जाळलं नव्हतं, ते मात्र खरं.
बापूसो चौगुल्यांनी तीन वर्षं सरीतच कुजवलंय,
कुणी आलं की मूठभर माती उकरून गांडुळं दाखवतात,
नव्या जावयाला घर दाखवावं तशी.

बाईंनी विचारलं, तक्रार असली तर कुणाकडं करता?
कौसल्या सानप म्हणाली, कशाची?
बाई म्हणाल्या, कशाचीही.
कौसल्या बोटाची चिंधी सोडून
पुन्हा बांधत राहिली.
मुकादम म्हणाला, लिहा, काही नाही.

हे मला नंतर कळलं. मी तिथं नव्हतो.
रकाना सतरा: चौदा वर्षांखालची मुलं फडात आढळली का?
म्हणून सकाळी सातलाच माझ्या ताब्यात
तीन पोरं दिली होती, आणि दोनशे रुपये.
मोटरसायकलवर शिवकन्या सगळ्यात मागं, भावांना धरून.
रंकाळ्यावर भेळ घेतली.
धाकट्यानं विचारलं, एवढं पाणी कुणाच्या उसाला?
म्हटलं, कुणाच्याच नाही.
त्याला काही ते पटलं नाही.

दुपारी फोन आला. पास झालो, आण पोरं.
सतराव्या रकान्यात शून्य.
खोटं कसं म्हणू,
त्या दिवशी फडात शून्यच होती.

शिवकन्येनं तोवर भेळेच्या कागदाच्या पट्ट्या फाडल्या होत्या,
एका मापाच्या, शेंडे एका अंगाला,
आणि वाढ्याची बांधतात तशी
पीळ देऊन त्यांची मोळी बांधली.
नऊ वर्षांचा हात,
कुठं अडला नाही.
मोळी माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाली,
लिहा की.

चिटबुक खिशातच होतं.