पंचवीस बाय चाळीस

शनिवारी अकराची वेळ दिलीय निखत मॅडमनी, नांदेडला.
फोनवर म्हणाल्या, कसं घर हवंय ते राहू द्या,
आत्ता कसं राहता, तेवढं लिहून आणा.
तेव्हापासून मी कशी राहते ते बघायलेय.

वसमतला तहसीलसमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
एकोणीस वर्षांत किती घरं या काचेवर पालथी घातली,
झाकण दाबलं,
हिरवा उजेड या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाऊन आला.
हळदीत पैसा झालेल्यांचे दुमजली नकाशे,
मास्तरांचे टू बीएचके, पोर्च ऐसपैस नि स्वयंपाकघर कोंदट,
घरकुलाचे तर सगळे एका मापाचे, नाव तेवढं वेगळं.
जिना कुठल्या कोपऱ्यात असणार, मी कागद न उलटता सांगते.
आपला प्लॉट पंचवीस बाय चाळीस, तोंड पश्चिमेला.
त्यावर काय, म्हटलं
की पेन थांबतो.

म्हणून शेजारच्या इरफानभाईंचा टेप आणला,
शिलाईचा, पिवळा, पहिले दोन इंच पुसलेले.
भाड्याच्या दोन खोल्या मोजल्या.
ओट्यापासून पिंपापर्यंत नऊ फूट.
सोमवारी खेपा मोजल्या, एकेचाळीस.
ओटा माझ्या कमरेच्या चार बोटं खाली.
म्हणजे मी डॉक्टर बदलत राहिले
आणि दुखणं ओट्यात होतं.

व्यंकट झोपला होता, त्यालाही टेप लावला.
पाच फूट सात, त्यातले दोन फूट कपाटामुळं दुमडलेले.
डोळे उघडून म्हणाला,
"कामून मोजायलीस? मेलो न्हाई अजून."
तुला काय पाहिजे, विचारलं.
"टेम्पो सावलीत पाहिजे."
कूस बदलली. मला वाटलं, झोपला.
"अन् एक खुर्ची. जिथून कुणी ऊठ म्हणणार न्हाई."
लिहिलं.

पल्लवीनं वहीचा चतकोर कागद दिला :
आतून लागणारी कडी.
एवढंच.
अभ्यास ती दुकानात करते, टोनरच्या खोक्यावर.
पण या दोन खोल्यांत ती रडत कुठं असेल,
हे मला आज पहिल्यांदा विचारावंसं वाटलं.
तिला नाही विचारलं.

नळ आठ दिवसांनी. आधी हौद, मग घर.
बोअर चारशे फुटांवर कोरडा लागला, शेजाऱ्यांचा.
मे महिन्यात पश्चिमेची भिंत रात्री बारापर्यंत
हात लावू देत नाही.
कूलरला खिडकी, कपडे वाळायला दोरी,
पाहुणे आले तर, न आले तर.
व्यंकट म्हणतो, बजेट अठरा सांग.
आहेत बावीस, लोन धरून.
"चार मागं ठेवायचे, नकाशावाल्याला सगळं सांगत नसतात."
डॉक्टरला वय सांगताना मी असंच करते.

शुक्रवारी दुकान आवरताना
एक कोरा कागद काचेवर ठेवला, उगीच,
आणि बटण दाबलं.
बाहेर आला तो कोरा नव्हता.
वरून खाली केसाएवढी रेघ.
काचेला ओरखडा आहे, कुणाच्या तरी किल्ल्यांचा, नऊएक वर्षांपासून.
भालेरावांचा गवंडी एकदा नकाशा घेऊन आला होता,
"वहिनी, ही भिंत हाय का?"
मी म्हटलं, नाही, ती माझी आहे.
तो हसला, मीही हसले, दोन रुपये परत दिले.

निम्म्या गावाच्या घरांतून गेलीय ती रेघ,
कुणाच्या देवघरातून, कुणाच्या मोरीतून,
राहायलेत लोक, काही बिघडलं नाही.

तोच कागद यादीच्या वर टाचला.
पिशवीत एनएची प्रत, टेप, पाण्याची बाटली.
इरफानभाईंना सोमवारी देते म्हटलंय.
साडेआठची एसटी.
अठरा की बावीस
ते गाडीत ठरवू.