तासांचा तक्ता

प्रश्न सात: लाभार्थींची संख्या.
हिवाळ्यात सदतीस, मी लिहिलं,
उन्हाळ्यात नव्वद, शहरातली नातवंडं धरून.
नूत्ती कुत्र्याला धरलं नाही,
खरं तर धक्क्यावर सगळ्यांत जास्त तोच बसायचा.

मी राइली. सव्वीस वर्षं इथल्या टपाल कचेरीत.
ती बंद झाली, मग शाळा, मग दुकान.
मला लिहायची सवय तेवढी उरली,
म्हणून कुर्किलाहती ग्राममंडळाची चिटणीस.

मे महिन्यात तळ्यावरचा बर्फ फुटला
आणि जाताना धक्का घेऊन गेला,
पाहुण्यानं विसरून दुसऱ्याची छत्री न्यावी तसा.
त्यासाठी अर्ज.

प्रश्न अकरा: अपेक्षित मापनीय परिणाम.
तौनो म्हणाला, लिही, बत्तीस मीटर.
ती लांबी झाली, मी म्हटलं, परिणाम नव्हे.
तो जरा वेळ खिडकीबाहेर बघत राहिला.
बत्तीस मीटर आत गेलं की माणूस गप्प होतो,
ते मोजतात का विचार त्यांना.
मी लिहिलं: ग्रामीण भागातील सामाजिक सहभागात वाढ.

पैसे मंजूर झाले.
म्हणजे आधी खर्चा, बिलं जपा,
स्क्रूच्या डबीचंसुद्धा, मग बघू.
शिकारी मंडळानं उसने दिले, एल्कच्या मांसाचे आलेले.
कॉफी अपात्र खर्च.
कॉफीशिवाय या देशात एक खिळा तरी ठोकला गेलाय का,
हे विचारायला अर्जात जागा नव्हती.

तीस टक्के वाटा गावाचा. घामानं दिला तरी चालेल,
माणशी, ताशी, ठरलेल्या दरानं.
आम्ही त्याला तालकोत म्हणतो:
हाक आली की हातोडी घेऊन निघायचं,
परतताना पोटात वाटाण्याचं गरम सूप.
त्याला दर असतो
हे आम्हांला साठीनंतर कळलं.

तर तक्ता. नाव, तारीख, काम, तास, सही.
सह्या शेवटी एकदमच घेऊ,
असं मीच म्हणाले होते.
मीच.

आह्ती, नऊ आणि दहा ऑगस्ट,
टोकाच्या फळ्या ठोकणे, अकरा तास.
सप्टेंबरात तो जंगलात लिंगनबेरी वेचायला गेला,
संध्याकाळी बादली सापडली, अर्धी भरलेली,
आणि तिच्याशेजारी तो.

कचेरीतली मुलगी फोनवर फार हळू बोलली.
सहीशिवाय तास धरता येत नाहीत.
तिचा काय दोष. तिच्याही डोक्यावर
कुणीतरी तक्ता घेऊन बसलेलं असणार.

इर्मेली आली, पेन उचललं.
मी करू त्याची सही?
चाळीस वर्षं बँकेत मीच करत आलेय.
आम्ही हसलो.
मग पेन तिच्या हातात तसंच राहिलं,
आणि कुणाला कुठं बघावं कळेना.
मी पट्टी ठेवून ती ओळ खोडली.
वेडीवाकडी नको खोडायला, एवढंच सुचलं.

शनिवारी इर्मेली डांबराचा डबा घेऊन आली.
कठड्याला हात मारत सुटली, एकटीच,
कुणी मदतीला वाकलं की नुसती बघायची.
अकरावा तास भरला तेव्हा एक खांब कोरडा होता.
उद्या उरकू, तौनो म्हणाला.
राहू दे तो, म्हणाली,
आणि तक्त्यावर स्वतःचं नाव लिहिलं,
सहीत एक अक्षर चुकवून.

ऑक्टोबरात तपासनीस आला, फीत ताणली, बत्तीस भरले.
निधी देणाऱ्यांची पाटी सरळ आहे का पाहिलं.
कोरड्या खांबाबद्दल विचारलं.
लाकूड शोषतंय अजून, मी म्हटलं.
त्यानं मान डोलावली. कॉफी घेतली.

पैसे जानेवारीत आले, शिकाऱ्यांचे फिटले,
सगळे कागद पेटीत, दहा वर्षं जपायचेत.
कागदावर आमचा धक्का
शेवटच्या दहा फळ्यांच्या आधीच संपतो.
नूत्ती त्यापुढं जाऊन बसतो.