वाटो

चार दिवसांनी रिक्षातून उतरले
तर दारात कुणाची तरी मोठी मुलगी उभी.
डोकं एवढं. पावलं एवढी.
गुडघ्यावर सुकत आलेली खपली,
ती पडली तेव्हा मी नव्हते.
जाताना तर ही माझ्या कमरेवर मावत होती.

चैतीने माझ्याकडे पाहिलंच नाही.
टॉवेल पाहिला.
टॉवेलातलं लाल, मिटलेलं, हलणारं काहीतरी.
'मासो?' म्हणाली.
सगळे हसले.
मला हसता येत नव्हतं, टाके ओढत होते.

मग धुरीचे, शेकाचे, अळिवाचे दिवस.
'बाय ल्हान हा, तू मोठी.'
येणारा प्रत्येक जण हे एकच वाक्य आणायचा
बिस्किटाच्या पुड्यासारखं
आणि तिच्या हातात ठेवून जायचा.
पुडे तिने फोडलेच नाहीत.
तिसऱ्या रात्री अंथरूण ओलं केलं.
'बायन केल्यान,' म्हणाली,
खोलीच्या पार दुसऱ्या टोकाच्या झोळीकडे बोट करून.
तिला उचलून घ्यायला मनाई होती मला.
मी फक्त गादीची कोरडी बाजू थोपटली.
ती आली नाही.

झोळी रापणीच्या जुन्या दोराला टांगलेली,
मिठाने आणि माणसांच्या तळव्यांनी मऊ झालेल्या.
झुलवायला खाली सोडलेलं एक टोक.
एकदा चैतीने ते असं हिसडलं
की बायचा श्वास अडकला.
मी ओरडले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.
ती तशीच उभी, दोर हातात.
मग हळूच सोडला,
जणू चूक दोराची होती.

दहाव्या दिवशी रापणीला मासळी लागली.
दिगंबर तिला घेऊन गेला.
उंबऱ्यापर्यंत सरकत मी सुरूंच्या मधून बघत राहिले.
माणसांची ओळ, मागे वाकलेली,
आणि ओळीच्या अगदी शेवटी, बापाच्याही मागे,
माझी मुलगी,
टाचा वाळूत रोवून, दोन्ही हातांनी
समुद्र ओढत असलेली.
ती नसती तरी जाळं आलंच असतं.
हे तिला कुणी सांगितलं नाही.
तांडेलाने वाळूत वाटे घातले तेव्हा
तिचाही घातला.
'दोराक हात लायल्यान तेका वाटो.'
भेंडाच्या पानावर पाच पेडवे.

ओल्या फ्रॉकने आत आली, जमिनीवर बसली.
एक आबाचा. एक माझा.
तीन तिचे.
मी म्हटलं, 'आणि बायचो?'
तिने नीट विचार केला.
'तिना खंय दोर वडल्यान?'

काय बोलणार.
तळाशिलात याहून जुना कायदा नाही,
आणि तो ती आत्ताच शिकून आली होती.

बराच वेळ पेडव्यांकडे बघत बसली.
मग उठून पाट ओढला, पाटावर चढली.
बोटांना खवलं चिकटलेली, वास येणारे हात.
'हात धू' माझ्या ओठांपर्यंत आलं.
गिळलं.
तिने झोळीच्या दोराचं टोक उचललं
आणि बायच्या तळहातावर टेकवलं.
मूठ मिटली.
ती कशावरही मिटते या वयात,
माझ्या बोटावर, दुपट्याच्या काठावर.
'वड,' चैती म्हणाली.
झोळी जराशी हलली.
वारा असेल, नाहीतर चैतीचं कोपर.

खाली उतरली.
आपल्या तिनांतला सगळ्यात लहान शोधायला
तिने इतका वेळ लावला
की माझा जीव वर आला.
झोळीखाली, बरोबर मधोमध, ठेवला.
'ह्यो तिचो.'

मागच्या दाराने मांजर आलं आणि तोच घेऊन गेलं.
ती धावली, पाट उलथा, पान उलथं,
'माजरान बायचो वाटो नेल्यान!'
सुरूंच्या बनापर्यंत, अनवाणी,
सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी,
आणि इकडे बाय जागी होऊन तिच्याच सुरात.

रात्री चार पेडवे तळले.
चैतीने एक खाल्ला, दुसरा अर्धा,
आणि उरलेल्या अर्ध्यावर हात ठेवून
ताटाशीच झोपली.